रबरावर सुरकुत्यांच्या ओळी: प्रकल्प नोंदी

४ जून

काम असं: मऊ सिलिकॉन रबरावर (पीडीएमएस) एकाच दिशेच्या समांतर सुरकुत्या उठवायच्या. दोन ओळींमधलं अंतर २ ते १० मायक्रोमीटर, क्षेत्र किमान २ × २ सेंटिमीटर, मधे भेग नको. मास्क नाही, लिथोग्राफी (मास्कमधून प्रकाश टाकून नक्षी उठवणं) नाही, कोरलेला साचा नाही. रबर ताणायचं, ताणलेलं असतानाच त्यावर पातळ पण ताठर पापुद्रा बसवायचा आणि मग रबर सैल सोडायचं. रबर आखडतं, पापुद्र्याला तितकं आखडता येत नाही, म्हणून तो वरखाली वळ्या घेतो.

आज फक्त रबर ओतलं. बेस दहा भाग, हार्डनर एक भाग, वजनाने. काचेच्या कांडीने पाच मिनिटं चांगलं घोटलं, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढले, १० सेंटिमीटरच्या चौकोनी प्लॅस्टिकच्या ताटल्यांत २ मिलिमीटर जाडीचं ओतलं आणि ७० अंशांवर रात्रभर ठेवलं. ताटली पॉलिस्टायरीनची असेल तर तापमान याहून फार वर नेऊ नका. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि ताटलीचा तळ वाकला की रबरही वाकडंच निघतं.

५ जून

एका ताटलीत कडेचा पट्टा चिकट राहिला. मधे छान बसलंय, म्हणजे घट्ट झालंय, कडेला बोट लावलं की तार सुटते. त्याच मिश्रणाची दुसरी ताटली मात्र ठणठणीत, म्हणजे वजनात चूक नव्हती. चिकट ताटलीची कड लेटेक्सचा हातमोजा घातलेल्या बोटाने पुसली होती, इतकाच फरक. हे रबर प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर बसतं आणि लेटेक्समधलं गंधक त्या उत्प्रेरकाला निकामी करतं. कथील असलेली संयुगं आणि अमाइनंही तोच घोळ घालतात. लेटेक्सचे मोजे कपाटात गेले, आता व्हिनाइलचे.

दुसरी गोष्ट, ओव्हनची जाळी सपाट नव्हती. रबर एका टोकाला १.७ मिमी, दुसऱ्या टोकाला २.३. ताणताना पातळ टोक जास्त लांबतं आणि जाड टोक मागे राहतं, त्यामुळे एकाच पट्टीत दोन वेगळे ताण. जाळीखाली पाणसळ लावून पाचर मारली. क्षुल्लक वाटतं, पण पुढची सगळी मापं यावर उभी आहेत.

९ जून

ताणण्याची चौकट. दोन ॲल्युमिनियमचे शिकंजे, एक स्थिर, एक स्क्रूवर सरकणारा. स्क्रूचा आटा १ मिलिमीटरचा, म्हणजे एक फेरा एक मिलिमीटर.

रबर शिकंज्यातून निसटतं. आवळावं तर कडेशी फाटतं. मधला मार्ग असा निघाला: शिकंज्याच्या आतल्या बाजूला बारीक पॉलिश पेपर चिकटवला आणि रबराकडच्या कडा कानशीने गोल केल्या. निसटणंही थांबलं, फाटणंही.

स्क्रूच्या फेऱ्यांवरून ताण मोजू नये. पट्टीवर पेनाने दर ५ मिलिमीटरवर ठिपके काढा आणि ठिपक्यांमधलं अंतर व्हर्निअरने मोजा. स्क्रू १० टक्के म्हणत होता तेव्हा मधले ठिपके ८ टक्के सांगत होते. उरलेले दोन टक्के शिकंज्याच्या आत सरकण्यात गेले.

१२ जून

पहिला प्रयोग प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने. प्लाझ्मा रबराच्या वरच्या काही नॅनोमीटरचं काचेसारख्या सिलिकामध्ये रूपांतर करतो, म्हणजे पापुद्रा वेगळा बसवायची कटकटच नाही. १० मिमी रुंद पट्टी, २० टक्के ताण, हवेचा प्लाझ्मा, मग सैल सोडली.

सुरकुत्या आल्या, उत्तम आल्या. पण त्यांना काटकोनात छेदणाऱ्या भेगाही आल्या, त्याही ताणाच्या दिशेने धावणाऱ्या, सरळ, एकमेकींपासून साधारण सारख्या अंतरावर. सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारखं दिसत होतं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रबराचं आकारमान बदलत नाही. लांबी २० टक्क्यांनी वाढवली की रुंदी जवळजवळ ९ टक्क्यांनी घटते. अशा आक्रसलेल्या रुंदीवर काचेचा पापुद्रा तयार झाला. सोडल्यावर लांबी आखडली, सुरकुत्या पडल्या, पण त्याच वेळी रुंदी पसरली. पापुद्र्याला दाबलेलं चालतं, ओढलेलं चालत नाही. तो तडकला.

त्याच खेपेला प्लाझ्माच्या पेटीत न ताणलेला एक चौकोन सहज बाजूला ठेवला होता, तुलनेसाठी. त्यावर काहीच यायला नको होतं. तोही धुरकट निघाला. भिंगाखाली बघितलं तर वेड्यावाकड्या वळ्यांचा चक्रव्यूह.

१३ जून

धुरकट चौकोनामागे उष्णता आहे. पेटी सलग चालली की रबर तापतं. या रबराचं औष्णिक प्रसरण अंशाला सुमारे दहा हजारांत ३ भाग. म्हणजे ३० अंशांनी तापलं तर लांबी जवळपास ०.९ टक्क्याने वाढते. तापून फुगलेल्या रबरावर पापुद्रा तयार होतो, थंड होताना रबर सगळ्या दिशांनी सारखं आखडतं आणि वळ्यांना एक अशी दिशा राहत नाही. सुरकुत्या सुरू व्हायला अर्धा टक्काही आकुंचन पुरतं, त्यामुळे ०.९ म्हणजे भरपूर झालं.

ही गोष्ट नवी नाही. १९९८ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने तापवलेल्या पीडीएमएसवर सोन्याचा पातळ थर चढवला आणि थंड होताना नेमक्या अशाच वळ्या मिळवल्या. त्यांनी मुद्दाम केलं, आमच्याकडे न बोलावता आलं.

दोन बदल केले. एक, प्लाझ्मा सलग न देता अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या हप्त्यांनी, मधे पेटी थंड होऊ द्यायची. दोन, पट्टीची घडणच बदलली: शिकंज्यांमधलं अंतर २५ मिमी आणि रुंदी ८० मिमी. आखूड आणि रुंद पट्टीला शिकंजे दोन्हीकडून धरून ठेवतात, तिला मधे आक्रसायला जागाच मिळत नाही. रुंदी आक्रसली नाही तर सोडल्यावर पसरणारही नाही.

१६ जून

दोन्ही लागू पडले. न ताणलेला तुलनेचा चौकोन स्वच्छ. रुंद पट्टीच्या मधल्या भागात भेग नाही. दोन्ही मोकळ्या कडांशी साधारण एक सेंटिमीटरचा पट्टा अजून भेगाळतो, कारण तिथे रबर मोकळं आहे. तो कापून टाकायचा.

एक सूचना: पट्टी चौकटीतून काढताना वाकवू नका. भेगा नसलेला तुकडा बोटांच्या चिमटीत जरा वाकला आणि त्याच जागी भेगांची रांग उमटली.

१७ जून

सुरकुत्या मोजायला सूक्ष्मदर्शकापेक्षा लेझर बरा. हिरवा लेझर पॉइंटर, ५३२ नॅनोमीटर. नमुन्यातून आरपार सोडायचा, एक मीटरवर कागद. समांतर सुरकुत्या म्हणजे जाळी (ग्रेटिंग) आहे, त्यामुळे मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके पडतात. ओळींचं अंतर गुणिले कोनाची साइन बरोबर प्रकाशाची तरंगलांबी, एवढंच गणित. ठिपके गोल आणि टोकदार असतील तर ओळी सरळ आहेत. ठिपक्याचा आडवा कंस झाला तर ओळींची दिशा डगमगतेय. पूर्ण वर्तुळ पडलं तर चक्रव्यूह. सूक्ष्मदर्शकाखाली अर्धा तास घालवून जे कळतं ते इथे एका नजरेत.

मांडणी बरोबर आहे का ते तपासायला जुनी सीडी उत्तम. तिच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. परावर्तनात, एक मीटरवर, पहिला ठिपका ३५ सेंटिमीटरवर यायला हवा. आला. लेझर टेबलाच्या उंचीवर आडवा बांधा, डोळ्यांच्या उंचीवर कधीच नाही. आणि शिकंज्याचं चकचकीत ॲल्युमिनियम काळ्या टेपने झाका, कारण परावर्तित किरण कुठे जाईल याचा नेम नसतो.

प्लाझ्माच्या नमुन्याचा ठिपका ४९ सेंटिमीटरवर. म्हणजे ओळींचं अंतर १.२ मायक्रोमीटर. आपल्याला किमान २ हवेत.

२० जून

ओळींचं अंतर वाढवायचं तर काय बदलायचं? सगळ्यांच्या मनात आधी ताण येतो: कमी ताणावं म्हणजे ओळी विरळ पडतील. तसं होत नाही. ५ टक्के, १० टक्के, १५ टक्के, तिन्ही पट्ट्यांच्या ठिपक्यांच्या जागा थोड्याशाच सरकल्या. अंतर ठरतं पापुद्र्याच्या जाडीने आणि पापुद्रा रबरापेक्षा किती ताठर आहे यावर. जाडीला थेट गुणायचं. ताठरपणाच्या गुणोत्तराला मात्र आधी तीनने भागायचं, मग त्याचं घनमूळ घ्यायचं आणि ६.२८ ने गुणायचं. घनमूळ असल्यामुळे रबर आठपट मऊ केलं तरी अंतर दुप्पटच होणार. जाडी दुप्पट केली की लगेच दुप्पट. ताण जातो कुठे? सुरकुतीच्या उंचीत.

म्हणून जाडीच वाढवायची. प्लाझ्माचा वेळ वाढवून बघितला, पण आमच्या पेटीत काही मिनिटांनंतर जाडी वाढायचं नावच घेत नाही, फक्त पापुद्रा जास्त ठिसूळ होतो आणि मधल्या भागातही तडे जायला लागतात. घोडं इथेच पेंड खातं. प्लाझ्मा बाजूला ठेवला. आता पापुद्रा वेगळा तयार करून वरून बसवायचा. पॉलिस्टायरीनचा.

२४ जून

पॉलिस्टायरीनचे दाणे टोल्युईनमध्ये विरघळवले, वजनाने २ टक्के. काम सगळं फ्यूम हूडमध्ये. सिलिकॉन वेफरचे (गुळगुळीत पातळ चकतीचे) ४ सेंटिमीटरचे तुकडे प्लाझ्माने साफ करून त्यांवर स्पिन कोटरने (तुकडा गरगर फिरवून द्राव पातळ पसरवणाऱ्या यंत्राने) मिनिटाला २००० फेऱ्यांवर थर दिला. (प्लाझ्माची पेटी निदान सफाईला तरी उपयोगी पडली.)

पहिली अख्खी बॅच रेघोट्यांची. वेफरच्या मध्यापासून कडेपर्यंत धूमकेतूसारख्या शेपट्या. द्राव गाळून घेतला होता, तरीही. दोष सिरिंजमध्ये निघाला: दट्ट्याच्या टोकाला काळं रबर होतं, टोल्युईनने ते फुगलं आणि त्यातलं काहीबाही द्रावात उतरलं. काचेची सिरिंज घेतल्यावर थर आरशासारखा.

जाडी मोजायचं यंत्र हाताशी नसेल तर वेफरवरचा रंग पुष्कळ सांगतो. ५० नॅनोमीटरला तपकिरी झाक, १०० च्या आसपास जांभळ्याकडून निळ्याकडे. आमचे तुकडे जांभळे आहेत. सगळा तुकडा एकाच रंगाचा दिसायला हवा; कोपऱ्यांत रंगाची वलयं आली तर तिथे थर जाड आहे, तेवढा सोडून द्या.

२६ जून

पापुद्रा वेफरवरून रबरावर न्यायचा. ब्लेडने २२ × ३५ मिमीचा आयत चिरला, वेफर तिरका धरून पाण्यात हळूहळू बुडवला. पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि पापुद्रा पाण्यावर तरंगायला लागतो. दिसत नाही, पण उजेड तिरका पडला की पाण्यावर एक चौकोनी चकाकी सरकते. वेफर साफ नसेल तर पाणी आत शिरतच नाही. प्लाझ्मानंतर लगेच थर दिलेले तुकडे सहज सुटले, दुसऱ्या दिवसावर ढकललेल्या तुकड्यांनी जीव खाल्ला.

ताणलेली पट्टी चौकटीसकट पाण्यात घालून तरंगता पापुद्रा खालून उचलला. रुमालाएवढं सपाट बसलं असं वाटलं. तासाभरात सोडून बघितलं. सुरकुत्या आल्या, पण जागोजाग गोल फोड आणि उंच, एकट्या-दुकट्या कण्यासारख्या घड्या. लेझरचा ठिपका म्हणजे नुसता धुरळा.

खाली पाणी अडकलं होतं. जिथे पापुद्रा रबराला चिकटलेला नाही तिथे तो सुरकुतत नाही, सरळ सुटून वर उठतो. या दोन गोष्टी दिसायला सारख्या वाटतात, म्हणून ओळखायची खूण लिहून ठेवतो: चिकटलेल्या पापुद्र्याच्या सुरकुत्या एकसारख्या अंतराच्या आणि बुटक्या असतात, सुटलेल्या घड्या विरळ, रुंद, अंतराला धरबंद नाही, आणि वरून पाहिल्यावर त्यांच्या आत तेलाच्या तवंगासारख्या रंगीत रेघा दिसतात.

३० जून

उचलायची पद्धत बदलली. चौकट आडवी न धरता जवळजवळ उभी धरायची. आधी पापुद्र्याची एक अरुंद कड रबराला टेकवायची, मग चौकट सावकाश वर ओढायची, म्हणजे पाणी खालच्या बाजूने निथळत जातं. उचलल्यावर चौकट उभीच ठेवून रात्रभर वाळवायची. घाई केली की फोड ठरलेले. ओव्हनमध्ये वाळवायचा मोह झाला तर ४० अंशांच्या वर जाऊ नका. रबर तापून फुगलं की वर सांगितलेला चक्रव्यूहाचा घोळ परत.

२ जुलै

आज नीट जमलं.

४ टक्के ताण, २५ मिमीच्या अंतराला बरोबर स्क्रूचा एक फेरा. लेझर चालू ठेवून, कागदाकडे बघत बघत स्क्रू सोडला. आधी फक्त मधला ठिपका आणि त्याभोवती किंचित धूसरपणा. एक दशांश फेरा सोडला तरी तसंच. आणखी जरासं, आणि दोन्ही बाजूंना अंधूक हिरवे डाग उगवले. डाग म्हणण्यासारखेच, कडा नसलेले. स्क्रू फिरवत गेलो तसे ते आवळत, उजळत गेले, मग त्यांच्या पलीकडे दुसरी जोडी, तिसरी जोडी. उगवले तेव्हा मध्यापासून १०.५ सेंटिमीटरवर होते, पूर्ण सोडल्यावर १०.९. म्हणजे ओळींचं अंतर ५.१ वरून ४.९ मायक्रोमीटरवर आलं. सुरकुत्यांची संख्या बदलत नाही. रबर आखडतं तशा त्या हार्मोनियमच्या भात्यासारख्या एकमेकींजवळ येतात, एवढंच.

सोडायचा वेग महत्त्वाचा आहे. झटकन सोडलेल्या पट्टीत ओळी जागोजाग वाय आकारात फुटतात, दोनाच्या एक होतात. दहाव्या हिश्श्याने, मधे अर्धा मिनिट थांबत सोडलं तर हे दोष खूप कमी. पूर्ण जात नाहीत. धुळीचा एक कण खाली राहिला तर त्याच्याभोवती ओळी वळसा घेतातच.

४ जुलै

हिशेब जुळवला. पॉलिस्टायरीनचा ताठरपणा सुमारे ३ गिगापास्कल, रबराचा २ मेगापास्कल धरला होता. प्वासाँच्या गुणोत्तराची (ओढल्यावर पदार्थ आडवा किती आक्रसतो त्याची) दुरुस्ती करून ओळींचं अंतर जाडीच्या ४७ पट येतं, म्हणजे १०० नॅनोमीटरला ४.७ मायक्रोमीटर. मिळाले ५.१. जाडी चुकली की रबर?

रबर तपासणं सोपं होतं. त्याच ताटलीतली १० मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टी टांगली, ५० मिमीच्या खुणा केल्या, १०० ग्रॅम वजन लावलं. १.६ मिमी लांबली. म्हणजे ताठरपणा १.५ मेगापास्कलच्या आसपास. हा आकडा घालून गणित केलं तर अंतर जाडीच्या ५१ पट, १०० नॅनोमीटरला ५.१. जुळलं. पुस्तकातला २ हा आकडा जसाच्या तसा वापरू नये. किती अंशांवर आणि किती वेळ भाजलं यावर रबराचा ताठरपणा बदलतो. टांगून बघायला दहा मिनिटं लागतात.

हेच गणित उलटं चालवलं की पातळ थराचा ताठरपणा मोजता येतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेत ख्रिस्तोफर स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली. शंभर नॅनोमीटरचा थर सुटा धरून ओढून बघणं जवळजवळ अशक्य असतं. सुरकुत्यांचं अंतर मात्र लेझर आणि फूटपट्टीने मिळतं.

सुरकुत्या सुरू व्हायला लागणारं आकुंचन याच आकड्यांवरून ०.३७ टक्के येतं. ४ टक्क्यांना सुरकुतीची उंची, म्हणजे मधल्या पातळीपासून शिखरापर्यंत, सुमारे ३०० नॅनोमीटर. थराच्या जाडीच्या तिप्पट.

८ जुलै

वेगवेगळ्या जाड्या. १ टक्क्याच्या द्रावातून ४० नॅनोमीटरच्या आसपासचा थर, ओळी २ मायक्रोमीटरच्या. इतका पातळ पापुद्रा पाण्यावरच फाटतो. उचलताना श्वासही जपून घ्यावा लागतो. ४ टक्क्यांच्या द्रावातून थर दोनशेच्या थोडा वर, ओळी ११ च्या. जाड पापुद्रा हाताळायला सुखाचा. म्हणजे २ ते १० ची पूर्ण कक्षा हातात आली. ज्यांना नक्की अंतर महत्त्वाचं नाही त्यांनी ५ च्या आसपास राहावं, सगळ्यात कमी माल वाया जातो.

९ जुलै

हौस म्हणून १५ टक्के ताण. फायदा काही नाही. उंची वाढली, पण रुंद पट्टी असूनही पॉलिस्टायरीनला तडे गेले आणि काही ओळी शेजारणींना गिळून खोल घड्या झाल्या. लेझरमध्ये मूळ ठिपक्यांच्या मधोमध नवे फिके ठिपके दिसले, म्हणजे एकाआड एक ओळ खोल जातेय, अंतर दुप्पट होतंय. हा प्रकार फाबियन ब्राऊ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तपशिलात मांडला आहे. स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे, आपल्या कामाला अडथळा. ४ टक्क्यांवर परत.

११ जुलै

दोन दिशांचा ताणही एकदा करून ठेवला. रबर गोल कड्यावर डफासारखं ताणलं, पापुद्रा बसवला, सगळीकडून एकदम सोडलं: चक्रव्यूह, लेझरमध्ये हिरवं वर्तुळ. चौकटीत दोन दिशांनी ताणून आधी एक दिशा, मग दुसरी सोडली: ओळी नागमोडी वळून माशाच्या काट्यासारखी सुबक नक्षी. ताण तोच, सोडायचा क्रम वेगळा.

१५ जुलै

आता नकला. मूळ नमुना नाजूक आहे, त्यावर रोज बोटं फिरवून चालणार नाही.

नखांना लावायचं पारदर्शक लॅकर ओतलं, कारण पानावरच्या छिद्रांचे ठसे त्याने छान निघतात. इथे नमुनाच गेला. लॅकरमधली द्रावकं पॉलिस्टायरीन विरघळवतात. खाली उरलं गुळगुळीत रबर आणि लॅकरचा ढेकूळ. ॲसिटोन, टोल्युईन, एथिल ॲसिटेट, यांपैकी काहीही असलेला पदार्थ या नमुन्याच्या जवळ आणू नका.

दुसरा नमुना ओव्हनने खाल्ला. वाळवायला म्हणून ११० अंशांवर गेला आणि सुरकुत्या पुसट झाल्या. पॉलिस्टायरीन १०० अंशांपुढे मऊ पडतं, मग दाबलेल्या अवस्थेत राहण्याचं त्याला कारण उरत नाही.

१८ जुलै

नवीन पीडीएमएस थेट नमुन्यावर ओतलं. पॉलिस्टायरीनला ते चिकटत नाही, त्यामुळे सोलून निघतं. फक्त पापुद्र्याच्या बाहेर जिथे जुनं रबर उघडं आहे तिथे नवं आणि जुनं एकजीव होतं, आणि सोलताना तिथूनच फाडाफाडी सुरू होते. म्हणून ओतण्याआधी नमुना पापुद्र्याच्या आतल्या बाजूने कापून घ्यायचा, चारी बाजूंनी २ मिमी सोडून, आणि काचेवर ठेवून भोवती टेपची भिंत बांधायची.

नक्कल उलटी येते, शिखराच्या जागी दरी. लहान ताणात सुरकुतीचा आकार साइन लाटेचा असतो, तिची उलट बाजूही तशीच लाट. त्यामुळे काही बिघडत नाही.

२१ जुलै

दोन नकला, एक ७० अंशांवर बसवलेली, एक खोलीच्या तापमानाला ४८ तास ठेवलेली. दोन्हींचे ठिपके मोजले. खोलीच्या तापमानाची नक्कल १०.९ सेंटिमीटर, मूळ नमुन्याइतकीच. ७० अंशांची ११.१ च्या जरा अलीकडे. गरम बसवलेलं रबर थंड होताना टक्का-दीड टक्का आखडतं, तेच इथे ठिपक्यांत दिसतंय. एक मीटरवर इतका बारीक फरक फूटपट्टीने धरणं अवघड, म्हणून कागद दोन मीटरवर नेला आणि तिसऱ्या जोडीचे ठिपके मोजले, फरक कायम.

खोलीच्या तापमानाची नक्कल आता मुख्य साचा. पुढच्या नकला अतिनील प्रकाशात बसणाऱ्या गोंदातून काढायच्या. त्यात साचा तापतही नाही, आणि पॉलिस्टायरीनचा मूळ नमुना डबीतून बाहेर काढायची गरजही उरत नाही.